वरची ओळ

हजेरीपटाची पहिली ओळ कोरी होती. खालच्या अकरा ओळींत नावं होती, नावांपुढे एक तारखेपासूनच्या सह्या होत्या. सगळ्यांत वर, जिथे अधीक्षकाचं नाव असतं तिथे, फक्त अनुक्रमांक एक लिहिलेला होता आणि पुढची घरं रिकामी होती. दुसऱ्या ओळीत चंद्रकुमारचं नाव होतं. अक्षर त्याचंच, शाळेतल्या मास्तरसारखं गोल. मी पेनाचं टोपण काढलं होतं. ओळ पाहिली आणि हात तिथेच राहिला. समोर रुचिका उभी होती. ती आस्थापनेची लिपिक, तुमसरची मुलगी, नोकरीला तीनच वर्षं झालेली. ती म्हणाली, "करा ना सर सही. आणि रुजू अहवालबी बारा वाजायच्या आत देऊन टाका. नाहीतं मले म.नं. लिहा लागते. तुमच्या केसमंदी तेच तं सारं झालं ना." मी विचारलं, ही ओळ कोणी सोडली. "चंद्रकुमार सरांनी. पान त्यांनीच आखलं. मी म्हटलं, सर, दादाजी सर रुजू झाले का त्यांचं नाव टाकू, आता तुमच्यापासून सुरू करा. तं म्हणे, नाही, वरची ओळ जवाईबापूची आहे."

ती हसत सांगत होती. तिला ते गोड वाटलं असावं. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. सुखराम शिपायानं टेबलावर पेढ्यांचा डबा आणून ठेवला होता, कोणीतरी वर्गणी काढली असणार, आणि डब्याच्या झाकणाला आतून तूप लागलेलं दिसत होतं. ज्यांनी सहा वर्षं माझ्याशी धड बोलणं टाळलं, ते एकेक करून आत येत होते, पेढा उचलत होते आणि "शेवटी न्याय झाला, साहेब" म्हणत होते. याच तोंडांनी ते परवापर्यंत चंद्रकुमारला साहेब म्हणत होते. पेढा चावता चावता माणूस न्याय हा शब्द बोलतो तेव्हा तो कसा दिसतो हे मी त्या दिवशी नऊ वेळा पाहिलं. मला त्यांची किळस आली असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे हातात पेन धरून बसलेल्या माणसाची जास्त आली.

म.पू. म्हणजे मध्यान्हपूर्व, म.नं. म्हणजे मध्यान्हनंतर. सरकारी नोकरीत माणूस कोणत्या तारखेला आला एवढ्यानं भागत नाही, दुपारच्या आधी आला की नंतर, हेही लिहितात. आमचं ऑफिस तलावांचं. गावोगावच्या जुन्या तलावांच्या पाळी म्हणजे मातीचे बांध, पाणी सोडायचे तुडुंब, पाट, त्यांची दुरुस्ती, असलं काम. एकोणीसशे त्र्याण्णवच्या जूनमध्ये, चौदा तारखेला, सोमवारी, इथे साकोलीत दोन कनिष्ठ लिपिक रुजू झाले. मी रोजगार कार्यालयाच्या यादीतून आलो होतो आणि चंद्रकुमार वडिलांच्या जागेवर, अनुकंपावर. दोघांची निवड वेगवेगळ्या यादीतून, त्यामुळे गुणांनी कोण वर हे ठरत नव्हतं. तारीख एकच. अशा वेळी वयानं मोठा तो ज्येष्ठ धरतात. चंद्रकुमार माझ्याहून दीड वर्षानं मोठा. म्हणून ज्येष्ठता यादीत तो कायम माझ्यावर होता, आणि दोन हजार एकोणीसमध्ये अधीक्षकाची एकच जागा निघाली तेव्हा ती त्याला मिळाली. तोवर मला त्या यादीचं काही वाटलं नव्हतं. काही वाटलं नव्हतं असं मी लिहितो आहे, पण ते खरं नसावं. दरवर्षी यादी फिरते, वाचून सही करावी लागते, आणि दरवर्षी मी त्याचं नाव आधी वाचायचो, मग माझं.

रुखमा माझी बायको. ती चिचटोल्याची, इथून दोन तासांवरच्या गावची, आणि चंद्रकुमारही तिथलाच. नातं काही नाही, घरं एका गल्लीत. पण आमच्याकडे गावाची मुलगी ती साऱ्या गावाची मुलगी असते, आणि तिचा नवरा साऱ्या गावाचा जावई. चिचटोल्यात मला नावानं कोणी हाक मारत नाही. बैल चारायला नेणारा म्हातारा, किराणावाला, शाळेतली पोरं, सगळ्यांसाठी मी जवाईबापू. मी आलो की खाटेवरचा माणूस उठून उभा राहतो, मग तो सत्तर वर्षांचा का असेना. पहिल्या पहिल्यांदा मला लाज वाटायची. नंतर सवय झाली. आणि नंतर, हे मला आता कळतं, कोणी उठलं नाही तर राग येऊ लागला. चंद्रकुमारनं बत्तीस वर्षांत मला कधी नावानं बोलावलं नाही. ऑफिसात नाही, बाजारात नाही, नागपूरला न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात आम्ही एकमेकांविरुद्ध वकील घेऊन उभे होतो तेव्हाही नाही. तिथेही तो जवळ येऊन म्हणाला होता, "जवाईबापू, सायंकाळच्या गाडीनं चाल्ले का? बाईले बरं आहे का आता?" माझ्या वकिलानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो गेल्यावर म्हणाला, फार चतुर माणूस दिसतो. मी मान हलवली. मी मान हलवली ही गोष्ट मला विसरता येत नाही.

त्या चौदा जूनला आम्ही चिचटोल्याहून निघालो होतो. लग्नाला महिना झाला होता. साकोलीत एक खोली ठरवली होती आणि रुखमाला सोबत आणायचं होतं. सासूला मी पहाटेच सांगितलं की दहाला पोचायचं आहे. ती म्हणाली, "जवाई उपाशी जाईन तं गाव काय म्हणीन?" चूल पेटली, भात झाला, वड्या झाल्या, मग शेजारणीनं आपल्या घरची खीर आणली, ती न खाऊन चालणार नव्हतं. आठची गाडी गेली, दहाचीही गेली. बाराची मिळाली. साकोलीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दोन वाजत आले होते. ऊन होतं. रुखमाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, माझ्या हातात नेमणुकीचा आदेश आणि वळकटी. ऑफिसच्या पायरीवर चंद्रकुमार उभा होता. तो धावत आला, रुखमाच्या डोक्यावरची पेटी त्यानं उतरवून घेतली आणि म्हणाला, "काय बाई, किती उशीर. मी दहापासून वाट पाहून राहिलो." तिला सावलीत स्टूल दिलं, पाणी दिलं. मग मला आत नेलं. हेडक्लार्क जेवायला गेला होता. हजेरीपटावर नव्या दोघांसाठी तळाला दोन ओळी आखल्या होत्या. खालच्या ओळीत चंद्रकुमारची सही होती, वरची कोरी होती. तो म्हणाला, "तुमची ओळ ठेवली, जवाईबापू. तुमच्या वर मी कसा बसू?" मी वरच्या ओळीत सही केली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. खाटेवरून उठून उभं राहतात तसंच ते होतं.

ही चूक होती असं वकील म्हणतील. दुसऱ्या कोणत्या गावच्या माणसानं ती केली नसती. पण त्या दिवशी त्याला ती करावीच लागली, कारण व्हरांड्यात स्टुलावर त्याच्या गावची मुलगी येऊन बसणार होती.

सव्वीस वर्षांनी मी माहितीच्या अधिकारात कागद मागितले. रुजू अहवालांच्या फाईलला वाळवी लागलेली. सेवापुस्तकांत दोघांच्या पुढे नुसती तारीख, म.पू. म.नं. काही नाही. पण हजेरीपट सापडला. त्याची नक्कल वकिलाच्या टेबलावर ठेवली तेव्हा त्यानं बोट ओलं करून कागद फिरवला आणि विचारलं, "वरची सही तुमची?" हो. "म्हणजे आधी तुम्ही आलात." मी नकलेवरची माझी सही पाहत होतो. "आधी आलात ना? तुम्ही मध्यान्हपूर्व, तो मध्यान्हनंतर. मग वयाचा प्रश्नच येत नाही." त्यानं मला खोटं बोलायला सांगितलं नाही. त्यानं नुसतं विचारलं. त्याच्या बोटाला थुंकी लागलेली होती, त्या बोटानं तो माझ्या जुन्या सहीवर टकटक करत होता, आणि मी हो म्हणालो. पुढे चंद्रकुमारच्या उत्तरात सगळं खरं आलं होतं. तो दहाला आला, ओळ त्यानं मानापोटी सोडली, मी दोनला आलो. त्याला कागदाचा आधार नव्हता. आम्ही प्रत्युत्तर दिलं की सदर कथन खोटे, बनावट व पश्चातबुद्धीचे आहे. पश्चातबुद्धीचे हा शब्द मला तेव्हा आवडला होता. मी तो घरी येऊन रुखमाला वाचून दाखवला.

तेव्हा तिचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून तीनदा भंडाऱ्याला. ती खाटेवर पडून ऐकत होती. तिचे पाय सुजलेले होते, दाबले की खड्डा पडायचा आणि तो हळूहळू भरायचा. ती म्हणाली, "खोटं काय आहे त्याच्यात?" मी म्हणालो, तुला कायद्यातलं कळत नाही. "कायद्यातलं नाही कळत. पेटी माझ्या डोक्यावर होती. त्यानं उतरवली. मान भरून आली होती माझी." मग भिंतीकडे तोंड करून, "मले कोणी इचारलं तं मी खरं सांगीन." मी घाबरलो. हेही लिहितो. बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि मी घाबरलो होतो ते ती साक्ष देईल म्हणून. त्यानंतर दोनतीन महिने घरी कोणी आलं की मी खोलीत बसून राहायचो. लोकांना वाटायचं, काय सेवा करतो बायकोची.

चंद्रकुमार एकदा आला. केळी घेऊन आला. मी दारातच बसलो होतो. तो तिच्या खाटेजवळ पाट घेऊन बसला आणि तिला चिचटोल्याच्या गोष्टी सांगत राहिला. तलावात या वर्षी शिंगाडा किती आला, कोणाच्या धानाच्या बांधीत रानडुक्कर शिरलं, कोणाची सून पळाली. ती हसली. खूप दिवसांनी हसली. मी वाट पाहत होतो की आता तो विचारेल. एका कागदावर तिचा अंगठा किंवा सही, एवढंच त्याला पुरलं असतं, केस तो तिथेच जिंकला असता. तिनंच विषय काढला. म्हणाली, "चंद्रभाऊ, त्या दिवशीचं तुमी मले लिहून मागत काहून नाही?" त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. केळ्याची साल सोलत म्हणाला, "बाईले नवऱ्याच्या विरोधात उभी करू का? गावात तोंड दाखवू शकीन का मी? खा हे केळं." डॉक्टरांनी तिला केळी बंद केली होती. मी ते त्याला सांगितलं, जरा जोरातच सांगितलं, आणि त्याच्या हातातून केळं काढून घेतलं. तेवढंच मला सुचलं. तो ओशाळून उठला.

फेब्रुवारीत ती गेली. एका तारखेला. म्हणजे नागपूरची तारीख होती. सकाळी तिला दम लागत होता, तिनं माझं मनगट धरलं होतं, धरलं म्हणजे बोटं नुसती ठेवली होती. मी म्हणालो अंतिम सुनावणी आहे, चारपर्यंत येतो, शेजारच्या जनाबाईला बसवून जातो. नागपूरला सुनावणी झालीच नाही, पुढची तारीख मिळाली. तो निरोप मला तिथे साडेअकराला कळला आणि दुसरा निरोप बाराला, जनाबाईच्या फोनवरून. मी तो फोन घेतला तेव्हा चंद्रकुमार माझ्यापासून दहा हातांवर उभा होता. त्यालाही तारखेला यावं लागलं होतं. माझ्या तोंडाकडे पाहून तो समजला. आम्ही दोघं एकाच गाडीनं साकोलीला आलो. वाटेत त्यानं चिचटोल्याला, सगळ्यांना फोन केले. लाकडाची व्यवस्था त्यानं केली. तिरडीला पुढचा खांदा त्यानं दिला, माझ्या बरोबरीचा. नंतर घाटावर म्हणाला, "बाई गेली तरी तुमी आमचे जवाईच." मी तेव्हा रडलो. लोक म्हणाले, रडू द्या. मी कशासाठी रडत होतो ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यानंतरही केस मागे घेतली नाही. घेता आली असती. एका अर्जाचं काम होतं. पण घरी आल्यावर कोणी नसायचं, आणि केसचे कागद होते, ते लावत बसायचो. माणूस गेल्यावर लोक पोथी वाचतात, मी प्रत्युत्तरं वाचली. सप्टेंबरात निकाल लागला. हजेरीपटावरील सह्यांचा क्रम पाहता अर्जदाराचे म्हणणे ग्राह्य. आदेशात मला अधीक्षक पदाचा मानीव दिनांक दिला, दोन हजार एकोणीसचा. मानीव म्हणजे तसं झालं असं मानायचं. सहा वर्षं मी अधीक्षक होतो असं आता मानलं जाईल. त्या सहा वर्षांत रुखमा होती. म्हणजे कागदावर ती अधीक्षकाची बायको म्हणून मेली. मी हे आदेश हातात धरून, गॅसजवळ उभा राहून मोजलं आणि दूध उतू गेलं. करपलेल्या दुधाचा वास घरात तीन दिवस होता. त्याच आदेशाचा दुसरा परिच्छेद चंद्रकुमारचा. त्याला पदावनत करून पुन्हा लिपिक केलं. या महिन्याच्या एकतीसला तो निवृत्त होतो. बत्तीस वर्षांची नोकरी आणि शेवटचा महिना उतरलेला, पेन्शनही त्याच हिशोबानं.

आणि त्यानं एक तारखेला नवं पान आखलं, आणि वरची ओळ कोरी ठेवली.

तो मला टोमणा मारत असेल असं मी आधी धरून पाहिलं. तसं असतं तर बरं झालं असतं, मी सही करू शकलो असतो. पण मी त्याला ओळखतो. त्याला टोमणा येत नाही. त्याला फक्त एवढंच माहीत आहे की जावई वर बसतो. मी खिडकीतून पाहिलं, तो व्हरांड्यात, जुन्या टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून आवक रजिस्टर भरत बसला होता. परवापर्यंत या खोलीत, या खुर्चीत बसत होता. खुर्चीच्या पाठीवर त्याचा टॉवेल तसाच राहिला होता, आणि माझी पाठ त्याला लागत होती. मला त्याची ऊब जाणवते आहे असं वाटलं. दोन दिवस झाले होते, ऊब असणं शक्य नाही. मी उठून उभा राहिलो. सुखराम डबा पुढे करून म्हणाला, "साहेब, तुमी तं घेतलाच नाही." मी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि तो जिभेवर तसाच राहिला, गिळला जाईना. मागच्या खिडकीशी जाऊन मी तो बाहेर थुंकला. रुचिका दुसरीकडे पाहू लागली.

"सर, अकरा पन्नास झाले," ती म्हणाली. तिनं छापील रुजू अहवाल पुढे सरकवला. मी आज दिनांक अमुक रोजी म.पू./म.नं. अधीक्षक या पदावर रुजू झालो आहे. मी तो उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. काही विचार करून लिहिलं नाही, जे रुखमा भिंतीकडे तोंड करून सांगीन म्हणाली होती तेच लिहिलं. दिनांक १४ जून १९९३ रोजी मी या कार्यालयात मध्यान्हनंतर दोन वाजता आलो. श्री. चंद्रकुमार सकाळी दहापासून हजर होते. वरची ओळ त्यांनी माझ्यासाठी सोडली होती. शपथपत्रात मी याच्या उलट लिहिले, ते खोटे आहे. पदोन्नतीवर मी रुजू होत नाही. खाली सही केली आणि कागद रुचिकाला दिला. तिनं वाचला. मग पुन्हा वाचला.

"सर, तारीख चुकली."

"नाही चुकली. आवक नंबर टाक."

"नंबर टाकला तं मागे घेता येत नाही सर. हे वर जाईन. तुमच्यावर केस होऊ शकते."

"टाक म्हणतो ना."

ती कागद घेऊन व्हरांड्यात गेली, कारण आवक रजिस्टर चंद्रकुमारकडे होतं. मी तिच्या मागे गेलो. चंद्रकुमारनं चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि वाचला. त्याला वेळ लागला. मी वाट पाहत उभा होतो. मला वाटलं तो कागद फाडेल. मला वाटलं तो म्हणेल, काहून जवाईबापू, बाई गेल्यावर आता कायले. मला ते हवं होतं. ते लिहितानाही मला ते हवं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी अजूनही खाटेवरचा माणूस उठायची वाट पाहत होतो.

तो उठला नाही. त्यानं कागद रजिस्टरवर ठेवला, हातानं सरळ केला, शिक्का शाईत दाबला आणि मारला. नंबर टाकला. वेळेच्या रकान्यात म.पू. लिहिलं. मग त्या गोल अक्षराकडे पाहतच, मान वर न करता, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, तो म्हणाला,

"सरक दादाजी, उजेड अडवून राहिला तू."

मी सरकलो.